चार पिनांची उत्तरपूजा

आमच्या साडूंइतका काळजी करणारा माणूस बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याचीही काळजी आमचे साडूच करत असतील. माझी बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते सणसरला राहतात, मी बारामतीत एका शाळेत भूगोल शिकवतो. दाजी आमच्याकडे यायला निघाले की बस येईपर्यंत ती येईल की नाही याची त्यांना काळजी, आली की ती बारामतीचीच आहे का याची, बसले की घरचा नळ बंद केला होता का याची, आणि आमच्या दारात पाऊल टाकलं की परतीची बस चुकणार याची. त्यामुळे आमच्याकडचा चहा ते उभ्यानंच पितात. फोनवर हॅलो म्हणत नाहीत, "काय झालं न्हाय ना?" म्हणतात. फोन त्यांनीच केलेला असला तरी पहिला प्रश्न हाच. सुरुवातीला मी गोंधळून "नाही, सगळं ठीक आहे" असं सांगायचो. त्यावर ते जरा थांबायचे आणि म्हणायचे, "मग आवाज का असा येतुया?" आणि मग दिवसभर मलाच आपल्या आवाजात काहीतरी आहे असं वाटत राहायचं.

एकदा चतुर्थीला आम्ही दोन्ही घरची माणसं मोरगावला गेलो होतो. रांग गाभाऱ्याच्या तोंडाशी आली आणि उसातल्या ठिबकचा कॉक आपण बंद केला की नाही अशी शंका दाजींच्या मनात आली. ते रांगेतून बाहेर पडले, मिळेल त्या गाडीनं सणसरला गेले. कॉक बंदच होता. मग देवाच्या दारातून माघारी आलो याची काळजी सुरू झाली, म्हणून तसेच उलट्या पावली पुन्हा मोरगावला. आम्ही तोवर जेवून, झाडाखाली एक डुलकी काढून चहा पीत बसलो होतो. दर्शन घेऊन आले तेव्हा चेहरा निवळलेला दिसला म्हणून मी विचारलं, "आता झालं ना समाधान?" म्हणाले, "झालं की. पर मघाशी मोटारीच्या खोलीला कडी घातली का न्हाय, ती काय ध्यानात येईना."

चारचौघं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, दाजी टेस्टर लावतात. कुणाच्याही घरी गेले की आधी बटणांच्या बोर्डाला टेस्टर टेकवून बघतात आणि मग पाणी पितात. त्यांच्या लग्नाचा फोटो आमच्या सासूबाईंनी अजून भिंतीवर लावला आहे. त्यात दाजींना फेटा आहे, मुंडावळ्या आहेत, आणि कोटाच्या खिशातून टेस्टरची पिवळी मूठ बाहेर आलेली आहे. अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींना थांबवून सांगितलं होतं की मांडवातल्या हॅलोजनची वायर उघडी आहे, आधी तिचं बघा. कुणी हलेना म्हणून स्वतःच गेले. सासूबाई म्हणतात, जावयानं पोरीला माळ घालायच्या आधी वायरला टेप लावली. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, अंतरपाटाच्या अलीकडे तशीच हार धरून उभी होती. ती म्हणते, मी तेव्हाच ओळखलं की आता जन्मभर असंच उभं राहायचं आहे.

ही सगळी काळजी मी बरीच वर्षं त्यांचा स्वभाव समजत होतो. पण ती त्यांची नोकरी होती. साखर कारखान्यात बॉयलरच्या काट्यांपुढे त्यांचं सगळं आयुष्य गेलं. काटा हलला तर का हलला आणि हलला नाही तर का हलला नाही, हे बघायचा त्यांना पगार मिळत होता. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, पण बघायला काटा उरला नाही. दोन-तीन महिने माणूस घरातल्या घड्याळाकडे बघत बसला. मग कुठून तरी त्यांना वाय-फायच्या राउटरचा नाद लागला. बारामतीच्या भंगारवाल्यांकडून आणि केबलवाल्यांकडून टाकून दिलेले राउटर ते आणायचे, खोलायचे, जिवंत करायचे आणि ताईच्या पितळी डब्यांच्या शेजारी फळीवर मांडून ठेवायचे. झाकण कुणाचंच परत लावायचं नाही. "झाकान लावलं की आत जीव घुसमटतो," असं त्यांचं म्हणणं. उघडं ठेवलं तर पाल पडेल, म्हणून वर चाळण. शिमग्याला ताई पुरणाची चाळण शोधत घरभर फिरते आणि ती एखाद्या राउटरच्या अंगावर सापडते.

या नादाचा खरा उपयोग झाला तो दाजींच्या आईसाठी. आम्ही सगळे त्यांना थोरली आई म्हणतो. त्या गावात लेकाकडे राहत नाहीत, रानातल्या वस्तीवर शेरडांसोबत राहतात. वस्ती कालव्याच्या भरावाखाली खोलगटात आहे, चहूबाजूंनी ऊस, आणि मोबाईलची रेंज तिथं उतरतच नाही. फोन लागत नाही आणि आई हलत नाही, तेव्हा दाजींची काय अवस्था होत असेल ते सांगायला नको. शेवटी त्यांनी गावातल्या घराच्या गच्चीपासून वस्तीच्या पडवीपर्यंत जुन्या राउटरांची साखळी उभी केली आणि पडवीत कॅमेरा लावला. आवाज नाही, नुसतं चित्र. पण दाजींना काटा मिळाला. दिवसभर मोबाईल उघडायचा, आई शेंगा निवडताना दिसली की बंद करायचा.

थोरल्या आईंना हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांनी पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यावर सूप अडकवलं. दाजींना मोबाईलवर काळं दिसलं, ते चप्पल न घालता वस्तीपर्यंत धावत गेले. आई शेरडांना पाला टाकत होत्या. म्हणाल्या, "कवा बगतुयास आन् कवा न्हाय, मला काय कळावं? चोरावानी बगू नगंस." ते दाजींना पटलं. त्यांनी कॅमेऱ्याला एक बारीक लाल दिवा जोडला. कुणी मोबाईलवर बघत असेल तेवढाच वेळ तो लागायचा. त्यानंतर सूप पुन्हा कधी अडकलं नाही. दिवा लागला की त्या मान वर करून बघायच्या आणि परत आपल्या कामाला लागायच्या. आमची ताई म्हणायची, मायलेकरांचं एवढं बोलणं तर समोरासमोर बसूनही होत नाही.

तर गेल्या वर्षीच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. दाजींच्या छातीत कळ आली, तपासण्या झाल्या, आणि बारामतीच्या एका दवाखान्यात बायपास करायचं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत भरती व्हायचं होतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की काळजी करायची नाही. हे दाजींना सांगणं म्हणजे उसाला गोड होऊ नकोस म्हणून सांगण्यासारखं होतं. त्या दिवशी सकाळी माझ्या बायकोचा शाळेत फोन आला. ती ताईकडे बॅग भरायला गेली होती. म्हणाली, "रजा टाका आणि गाडी घेऊन या. दाजी उजाडल्यापासून वस्तीवर जाऊन बसलेत. राउटर बंद पडलाय, तो चालू झाल्याशिवाय दवाखान्यात येणार नाही म्हणतात. ताई रडकुंडीला आलीय. तुम्ही त्यांना घेऊनच या."

मी वस्तीवर पोचलो तेव्हा पडवीत स्टुलावर ट्रॅक्टरची बॅटरी होती, बॅटरीतून दोन वायरी राउटरला गेल्या होत्या, आणि पालथ्या घमेल्यावर लॅपटॉप ठेवून दाजी त्याच्यासमोर मांडी घालून बसले होते. चाळण बाजूला काढून ठेवलेली. थोरल्या आई उंबऱ्याशी पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मला बघताच दाजींनी विचारलं, "काय झालं न्हाय ना?"

"झालंय," मी म्हणालो. "तुम्हाला पाचच्या आत दवाखान्यात पोचायचंय."

"पाचाला टाइम हाय, पाव्हणं. आदी ह्याला सुद्धीवर आणू."

झालं होतं असं, की आपण दवाखान्यात असताना राउटर बिघडला तर बघणार कोण, या काळजीनं दाजींनी आदल्या संध्याकाळी त्याच्यात नवं सॉफ्टवेअर भरायला घेतलं. काम अर्ध्यावर आलं आणि लाईट गेली. उत्तम चाललेल्या गाड्याला त्यांनी स्वतःच्या हातानं खीळ घातली होती. लाईट आली तेव्हा राउटरचा एकच दिवा नुसता मिटमिटत होता आणि मोबाईलवर आई दिसत नव्हती. आता पुन्हा लाईटनं दगा देऊ नये म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणली होती. दाजींच्या हातून दगा कसा टळणार याचा विचार मात्र कुणी केलेला नव्हता.

मी नवा राउटर आणून देतो म्हणालो. तर साखळीतल्या बाकीच्यांशी त्याची ओळख करून द्यायला दोन दिवस जातील, असं दाजींचं म्हणणं. मग आईंनाच बारामतीला नेऊ म्हणालो. आई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या, "मी हितनं हालायची न्हाय. शेरडं कोण बगंल?" मग मी म्हणालो, सोबतीला शेजारच्या वस्तीवरची बाई येणारच आहे, शिवाय मी रोज येऊन आईंना बघून जाईन. दाजी खरोखर विचारात पडले. म्हणाले, "तुमी याल, त्यात शंका न्हाय. पर रोज म्हंजे एकदा. मधल्या टायमाचं काय?"

तेव्हा राउटरशी बोलण्यावाचून इलाज नव्हता. मेलेल्या राउटरशी बोलायची शेवटची एक वाट असते, तिला सिरियल कन्सोल म्हणतात, हे ज्ञान मला त्या पडवीत झालं. राउटरच्या आत चार बारीक पिना उभ्या असतात. एक वीज देणारी, तिला हात लावायचा नाही. उरलेल्यांतली एक त्याचं तोंड, एक त्याचा कान आणि एक दोघांना सामायिक. तिथून तीन वायरी एका चिमुकल्या जोडणीतून लॅपटॉपला लावायच्या, म्हणजे राउटर आत काय चाललंय ते पडद्यावर लिहून दाखवतो आणि आपण लिहिलेलं ऐकतो. ऐकायला सोपं होतं. दाजींनी वायरी लावल्या, बॅटरीची वायर टेकवली, आणि आम्ही दोघं काळ्या पडद्याकडे बघत बसलो. त्यावर काहीच आलं नाही.

"तोंडाला तोंड लागलंय," दाजी म्हणाले. "दोघंबी बोलत्यात, ऐकतंय कुणीच न्हाय. ह्याचं तोंड त्याच्या कानाला पायजे." त्यांनी दोन वायरींची अदलाबदल केली. आता पडद्यावर काहीतरी आलं, पण ते कोणत्याच भाषेत नव्हतं. नुसते चौकोन, प्रश्नचिन्हं आणि उलटेपालटे ठिपके. मी घाबरून म्हणालो, "हा गेला वाटतं." दाजी म्हणाले, "गेला न्हाय. तो पळतुया आन् आपण चालतुया." त्यांनी लॅपटॉपचा वेग बदलून बघितला, पुन्हा बदलला, आणि एकदम सरळ इंग्रजी अक्षरांच्या ओळी झरझर वर जायला लागल्या. मला इतका आनंद झाला की मी भराव चढून वर गेलो. रेंज तिथंच होती आणि बायकोचे फोन येऊन पडले होते.

"निघालात का?" तिनं विचारलं.

"राउटर बोलायला लागलाय," मी म्हणालो.

तिनं ते ताईला सांगितलं. ताईनं मागून काहीतरी विचारलं. "ताई विचारते, ऐकतो का?"

मी खाली जाऊन बघून आलो. ऐकत नव्हता. चालू होताना तो पडद्यावर सांगायचा की थांबवायचं असेल तर कुठलीही कळ दाबा, पण ती संधी दोन-तीन सेकंदांचीच. दाजी कळ दाबायचे, आणि राउटर काही न झाल्यासारखा पुढे जाऊन त्या अर्धवट सॉफ्टवेअरपाशी अडकून पडायचा. मी पुन्हा भराव चढलो. "बोलतो, पण ऐकत नाही," असं सांगितलं. पलीकडे दोघी बहिणींचं बोलणं झालं आणि बायको म्हणाली, "ताई म्हणते, मालकावर गेलाय."

आम्हाला हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती. ऊन उतरायला लागलं होतं. दाजींनी लॅपटॉपच्या सेटिंगमधली एक बारीकशी खूण शोधून काढून टाकली, तिच्यामुळे कधी कधी लॅपटॉप बोलायच्या आधी समोरच्याची परवानगी मागत बसतो म्हणे. तरी नाही. त्यांनी दर वेळी बॅटरीची वायर काढायची, टेकवायची, आणि आम्ही दोघांनी मिळून कळा बडवायच्या. ते डाव्या हातानं छाती चोळत होते आणि उजव्या हातानं कळ दाबत होते. कपाळावर घाम होता. मला त्या घामाची भीती वाटायला लागली. इथं काही झालं तर फोन करायला भराव चढावा लागेल, तोवर यांच्याजवळ कोण, हा हिशेब मी मनात करत होतो. आई शेंगा सोलायच्या थांबल्या होत्या आणि नुसत्या लेकाकडे बघत होत्या. मी म्हणालो, "दाजी, आता उठा." त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. म्हणाले, "आईला म्या सांगून ठेवलंय, पाव्हणं. सुद्धीवर आलो की दिवा लावतो म्हणलंय. दिवाच न्हाय लागला, तर ती काय समजंल?"

मी पुन्हा कळा बडवायला लागलो.

मग दाजींनी शेवटची परीक्षा घेतली. जोडणीच्या दोन वायरी राउटरवरून काढून एकमेकींनाच टेकवल्या, म्हणजे आपलंच तोंड आपल्याच कानाला. त्यांनी जे लिहिलं ते जसंच्या तसं पडद्यावर परत आलं. "म्हंजे आपल्याकडं दोष न्हाय," ते म्हणाले. "त्याच्या कानातच कायतरी हाय." चष्मा कपाळावरून खाली ओढून आणि मोबाईलचा टॉर्च लावून ते पिनांवर वाकले. "रंगाच्या खुणा हायेत. तांबड्या, पिवळ्या. मी सकाळीच बगितल्या. कंपनीनंच केल्या असतील." असं म्हणून त्यांनी टेस्टरच्या टोकानं एक पिन जराशी खरवडली.

"आरं, कुकू का खरवडतुयास?" थोरल्या आई म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे बघितलं.

"खंडेनवमीला विळा पुजला, खुरपी पुजली, टॅक्टर पुजला. मग ह्यानं काय केलं? ह्याच्यातनं लेक बगतो मला. त्याला बी हळदकुकू लावलं." त्या अगदी सहज सांगत होत्या. "चार दात उभं दिसलं. चारींना लावलं."

नवरा गेल्यापासून ज्या बाईनं स्वतःच्या कपाळाला कुंकू लावलेलं नाही, तिनं चाळण उचलून, पाण्यात कालवलेली हळद आणि कुंकू अनामिकेनं एकेका पिनेला लावलं होतं. त्या पिनांची रोजच्या कामात काही गरज नसते, त्यामुळे राउटर दसऱ्यानंतरही आपला चालत राहिला. पण कानाच्या पिनेवर सगळ्यात जाड थर बसला होता, तो वाळून खडखडीत झाला होता, आणि आमची वायर सकाळपासून पिनेला नाही, तर त्या थराला चिकटून बसली होती. झाकण घालू न देणाऱ्या माणसाचा राउटर नसता तर हे घडलंच नसतं. 

आता खरी अडचण पुढे आली होती. दोष सापडला होता, जुना टूथब्रश हाताशी होता, कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली कोनाड्यात होती, आणि दाजींचा हात चालत नव्हता. उद्या छाती उघडायची आहे आणि आज आईनं लावलेलं कुंकू आपल्या हातानं पुसायचं. त्यांनी ब्रश माझ्याकडे केला. "पाव्हणं, तुमी शिकलेलं हाय. तुमीच पुसा." मी वर्गात पोरांना ग्रहणं समजावून सांगणारा माणूस. ब्रश हातात घेतला, आणि काय सांगू, माझाही हात पुढे जाईना. मनात म्हणालो, उद्या काही कमीजास्त झालं तर ताई विचारेल, कुंकू कुणी पुसलं होतं? आम्ही दोघं शहाणे पुरुष चार पिनांपुढे हात जोडल्यासारखे बसून राहिलो, आणि दवाखान्याची वेळ जवळ येत होती.

थोरल्या आईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "पुसायला कोण सांगतंय? गणपतीला उचलायच्या आदी काय करत्यात? तसं उतरवायचं," म्हणाल्या. त्या आत गेल्या, मुठीत तांदूळ घेऊन आल्या, आणि राउटरवर अक्षता टाकून त्यांनी त्याला जरासं जागचं हलवलं. "झाली तुजी पूजा. पुन्ना ये," एवढंच त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळून, "काढा आता. आता ते कुकू न्हाय, नुसता रंग हाय."

मी काढलं. ब्रशावर पिवळा-तांबडा लगदा आला. तो त्यांनी माझ्याकडून मागून घेतला आणि अंगणातल्या तुळशीत टाकला. दाजींनी वायरी लावल्या, बॅटरी टेकवली. ओळी आल्या, कळ दाबा असा निरोप आला, दाजींनी एकच कळ दाबली आणि राउटर थांबला. पडद्यावर एक रिकामी ओळ उघडझाप करत आमच्या हुकमाची वाट बघत होती. दाजी इतकंच म्हणाले, "ऐकलं."

जुनं सॉफ्टवेअर परत भरेपर्यंत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही. मी बॅटरीच्या वायरी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. एक शेरडू स्टुलाकडे यायला लागलं तर आईंनी त्याला पोटाशी धरून ठेवलं. मग राउटरचे दिवे एकामागून एक लागले, कॅमेरा जागा झाला, आणि दाजींनी खिशातून मोबाईल काढला. आई त्यांच्यापासून चार हातांवर उभ्या होत्या. दाजींनी त्यांच्याकडे न बघता मोबाईलमध्ये बघितलं, आणि आईंनी दाजींकडे न बघता लाल दिव्याकडे बघितलं. दोघांचंही समाधान झालेलं दिसलं.

निघताना ते पाया पडले. "उद्या जेव," म्हणाले. "दिव्याची वाट बगत बसू नगंस." आई म्हणाल्या, "बगू."

गाडीत दाजींनी मोबाईल माझ्या हवाली केला. सकाळपासून तो त्यांनी असा कुणाला दिला नव्हता. "पर एक ध्यानात ठेवा. मी आत असताना उघडू नगा. दिवा लागंल, तिला वाटंल मी सुद्धीवर आलो. तिला खोटं सांगायचं न्हाय." दवाखान्यात आम्हाला उशीर झाला म्हणून नर्सबाई रागावल्या. दाजींनी त्यांच्या टेबलाजवळच्या बोर्डाला टेस्टर टेकवून बघितला आणि मग पलंगावर आडवे झाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना आत नेलं. ताई आणि माझी बायको बाकावर बसल्या होत्या. मी येरझाऱ्या घालत होतो आणि दाजींचा मोबाईल माझ्या वरच्या खिशात होता. मी आयुष्यात कुणाची फार काळजी केलेली नाही, ते खातं मी दाजींवर सोपवलेलं होतं. पण त्या दिवशी खिशातल्या त्या वस्तूचं मला ओझं झालं. पडवीत काय चाललं असेल, आई बसल्या असतील का, जेवल्या असतील का, हे एका बोटावर होतं आणि बोट उचलायची मुभा नव्हती. दार उघडलं की आम्ही तिघं उठायचो आणि दुसऱ्याच कुणाचं नाव पुकारलं जायचं. दिवस कलल्यावर डॉक्टर बाहेर आले आणि सगळं नीट झालं म्हणाले. ताई तेव्हा रडली. मी मोबाईल तरीही उघडला नाही, दाजी अजून शुद्धीवर नव्हते.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला एका मिनिटासाठी आत सोडलं. दाजी नळ्यांमध्ये होते, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. मला बघून ओठ हलले. मी कान जवळ नेला. "काय झालं न्हाय ना?"

"काही झालं नाही," मी म्हणालो, आणि मोबाईल त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. बोट उचलता येईना, म्हणून त्यांचं बोट धरून मीच टेकवलं.

पडवी दिसली. थोरल्या आई कॅमेऱ्याच्या अगदी समोर पाटावर बसल्या होत्या. अंगावर ठेवणीतलं लुगडं होतं. शेजारी झाकलेलं ताट होतं, तसंच्या तसं. हातात कसलंही काम नव्हतं, आणि त्या बाईला रिकाम्या हातांनी बसलेलं मी कधी बघितलेलं नव्हतं. त्यांनी दिव्याकडे बघितलं. क्षणभर तशाच बघत राहिल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, ताट उचललं आणि आत गेल्या.

"आता जेवंल," दाजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आता दाजी हिंडतात फिरतात. काळजी पूर्वीपेक्षा वाढली आहे, कारण त्या दिवसापासून थोरल्या आईंनी एक नेम धरला आहे. सकाळी दिवा लागल्याशिवाय त्या तोंडात घास घालत नाहीत. म्हणजे ज्यांच्यावर लक्ष ठेवायला कॅमेरा लावला, त्यांनीच लेकावर लक्ष ठेवायची सोय करून घेतली. लेकानं वेळेवर उठून बघितलं की म्हातारी जेवते, उठला नाही की उपाशी. राउटरला झाकण अजूनही नाही. यंदाच्या खंडेनवमीला दाजी स्वतः वस्तीवर जाऊन बसले आणि आईंच्या हातून चाळणीला हळदकुंकू लावून घेतलं.

परवा सकाळी ताईच्या नंबरावरून फोन आला. "काय झालं न्हाय ना?" दाजींचाच आवाज. ते तपासणीला पुण्याच्या गाडीत बसले होते आणि मोबाईल घरीच विसरले होते. "पाव्हणं, तुमच्या मोबाईलवर बी ते क्यामेऱ्याचं घालून दिलंय ना मी? तेवढा दिवा लावा. ती बसली आसंल."

तिला खोटं सांगायचं नाही असं सांगणारे हेच. पण आई उपाशी बसल्या असतील. डबा पिशवीत भरता भरता मी मोबाईल उघडला. त्या पाटावर बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, दिव्याकडे बघितलं, पदर सारखा केला आणि आत गेल्या. बघणारा मी होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. आपण नीट आहोत एवढं कळलं म्हणून कुणीतरी जेवायला उठतं, हे मी विसरून गेलो होतो. मी मोबाईल लगेच बंद केला नाही. आतून चुलीचा धूर पडवीत येईपर्यंत तसाच उभा राहिलो, आणि त्या दिवशी मला शाळेला उशीर झाला.